किलकेनी : तांबड्या एलचं गाव

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनाबाहेर उभं राहिलं की वारा योग्य दिशेचा असेल त्या दिवशी एक वास येतो. थालीपिठाची भाजणी करताना धणे जरा जास्त लागले की स्वयंपाकघरात जसा वास कोंडतो, काहीसा तसा. आणि त्याला कॉफीचा एक पदर. स्टेशनाला जवळजवळ लागूनच गिनेसची सेंट जेम्सेस गेट ही प्रचंड ब्रुअरी आहे. तिथे बार्ली, म्हणजे आपला जव, भाजला जातो. त्याचा तो वास.

किलकेनीची गाडी इथूनच सुटते. साधारण दीड तासाचा प्रवास. गंमत अशी की मी जिचं गाव पाहायला निघाले होते ती तांबडी बिअर आता त्या गावात तयारच होत नाही. ती होते इथे, स्टेशनाशेजारी, त्या वासाच्या पोटात. म्हणजे वस्तूकडे पाठ करून मी तिच्या जुन्या पत्त्याकडे चालले होते. डब्लिनला नोकरी करणारा माझा मामेभाऊ सोबत होता. तो म्हणाला, "ताई, स्मिडिक्सच प्यायची तर इथं कोपऱ्यावर पण मिळते. शंभर किलोमीटर कशाला?"

कौटुंबिक अंकात बिअरवर लेख म्हटल्यावर काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावतील, याची कल्पना आहे. त्यातून मी बडोद्याची. गुजरात राज्य झालं तेव्हापासून आमच्याकडे दारूबंदी, त्यामुळे लहानपणी बिअर हा शब्द 'दमणला गेले होते' या वाक्यात, तोही हळू आवाजात, ऐकलेला. पिण्या-न पिण्याचं ज्याचं त्यानं ठरवावं. माझं कुतूहल वेगळं होतं. जगभरच्या बिअरच्या यादीत 'आयरिश रेड एल' म्हणून एक वेगळा प्रकार असतो. वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं, की हे नाव रूढ झालं अमेरिकेत, ते नाव घेऊन तिथे विकली गेलेली सगळ्यात प्रसिद्ध बिअर मुळात एल नव्हतीच, आणि खुद्द आयर्लंडमध्ये पबात 'एक रेड एल द्या' असं क्वचितच कोणी म्हणतं. मग तिचं मूळ गाव कोणतं? चार पिढ्या बडोद्यात काढूनही 'तुम्ही मूळचे कुठले?' असं ज्यांना विचारलं जातं, त्यांना 'मूळ' या शब्दाची जरा जास्तच खोड असते.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरातल्या मुलांना हे लगेच कळेल. जव भिजवायचा, त्याला मोड आणायचे आणि मोड जरासे फुटले की वाळवून, भट्टीत शेकून ते थांबवायचे. हा झाला माल्ट. मोड येताना दाण्यात जे पाचक रस तयार होतात, तेच पुढे पिठूळपणाची साखर करतात. भरडलेला माल्ट ६५-६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की पाणी गोड होतं. ते गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुलं घालून उकळायचं, निववायचं आणि यीस्ट घालायचं. कोमट हवेत, वीस अंशांच्या आसपास, काही दिवसांत आंबते ती एल. थंडीत, दहा-बारा अंशांना, सावकाश आंबते आणि मग आणखी थंडीत मुरत पडते ती लागर. आपल्याकडे दुकानात दिसणाऱ्या बहुतेक सगळ्या बिअर लागर.

आता रंग. बहुतांश फिकट माल्ट, त्यात साखरेच्या पाकासारखा तांबूस केलेला थोडा माल्ट आणि शंभरात दोन-तीन भाग मोड न आणताच कॉफीच्या बियांसारखा काळा भाजलेला जव. एवढ्या चिमटीनं अख्खा पेला माणकाच्या रंगाचा होतो. तोच भाजलेला जव दहा भागांपर्यंत नेला की होते काळी स्टाउट. खरं तर स्टाउटचा पेला उजेडासमोर धरला तर तीही कडेला लाल दिसते; गिनेसवाले स्वतःच सांगतात की आमची बिअर काळी नसून गडद माणिकरंगी आहे. तांबडी आणि काळी या एकाच घरच्या दोन बहिणी, फरक हात सैल सोडण्याचा. चव म्हणाल तर आधी हलकी गोडी, बिस्किटाची, करपू घातलेल्या पावाच्या कडेची, कडूपणा बेताचा, आणि घोट उतरल्यावर जीभ कोरडी करणारा तो भाजलेपणा. मद्यार्क साधारण चार टक्क्यांच्या आसपास. भडक काही नाही. बिअरचे शौकीन हिला थोडी कंटाळवाणी म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. वरण-भातालाही कोणी चमचमीत म्हणत नाही.

किलकेनीच्या स्टेशनाला मॅकडोना यांचं नाव आहे, १९१६ च्या उठावानंतर गोळ्या घातलेल्या नेत्यांपैकी एक. तिथून उतारानं नोअर नदीचा पूल ओलांडला की गाव सुरू होतं. एका टोकाला बटलर घराण्याचा किल्ला, दुसऱ्या टोकाला सेंट कॅनिसचं कथीड्रल आणि त्याचा गोल मनोरा. मधल्या रस्त्याला आता 'मिडीव्हल माइल' म्हणतात. वाटेत 'स्लिप' नावाच्या अरुंद बोळी. त्यांतली बटर स्लिप तर एवढी चिंचोळी, की आमच्या मांडवीतल्या गल्ल्या आठवल्या. किल्ला १९६७ मध्ये घराण्यानं गावाला ५० पौंडांना देऊन टाकला. या बटलरांना, म्हणजे ऑर्मंडच्या ड्यूकांना, लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहेत.

या गावात १३६६ मध्ये एक कायदा झाला होता. बाहेरून येऊन स्थायिक झालेले इंग्रज इथल्या लोकांत फार मिसळायला लागले, त्यांची भाषा बोलू लागले, त्यांच्यात लग्नं करू लागले, म्हणून राज्यकर्ते घाबरले. वसाहतीतल्या इंग्रजांनी आयरिश बोलायचं नाही, आयरिशांशी सोयरीक करायची नाही, चेंडू-काठीचा हर्लिंग हा खेळसुद्धा खेळायचा नाही, असे किलकेनीचे नियम निघाले. तेही लिहिले गेले फ्रेंचमध्ये! आज आयर्लंडमध्ये हर्लिंगच्या राष्ट्रीय अजिंक्यपदांत किलकेनी परगणा सगळ्यांच्या पुढे आहे. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची जर्सी घातलेली पोरं काठ्या खांद्यावर टाकून रस्त्यानं जाताना दिसली, तेव्हा त्या कायद्याचं काय झालं असेल ते वेगळं विचारावं लागलं नाही.

पार्लमेंट स्ट्रीटवरून नदीकडे वळलं की सेंट फ्रान्सिस अ‍ॅबीचे अवशेष लागतात. फ्रान्सिस्कन साधूंचा हा मठ तेराव्या शतकातला. मधला मनोरा चौदाव्या शतकातला. छप्पर नाही, पूर्वेची सात उभ्या झरोक्यांची खिडकी मात्र अजून डौलात उभी. स्मिथविकची बिअर याच जागेवर, मठाच्या अवतीभवती तयार होत असे. अवशेष ब्रुअरीच्या आवारात, टाक्या आणि नळ्यांच्या मधोमध सापडलेले. पाहायचे तर कारखान्यातून जावं लागे.

कंपनीची गोष्ट या साधूंपासून सुरू होते. मठात साधू एल करत, ब्रुअरीनं ती परंपरा पुढे चालवली, असं तिथल्या पर्यटकांसाठीच्या दालनात रंगवून सांगतात. साधू एल करत असतील यात नवल नाही. मध्ययुगात एल हे रोजचं पेय होतं आणि आयर्लंडच्या संत ब्रिजिडनं पाण्याची एल केल्याची चमत्कारकथा तिच्या जुन्या चरित्रातच आहे. पण मठ आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० च्या सुमारास बंद झाला. ब्रुअरीचं साल १७१०. मधली १७० वर्षं कोणी कोणाला काय शिकवलं? शिवाय आजचा तांबडा रंग ज्यामुळे येतो तो मोड न आणलेला भाजलेला जव. एकोणिसाव्या शतकात कर माल्टवर होता, त्यामुळे माल्ट नसलेलं धान्य बिअरमध्ये घालायला बंदी होती. ती उठली १८८० मध्ये. म्हणजे आजची पाककृती साधूंच्या वहीतून आलेली असणं शक्यच नाही. सोवळ्यातली परंपरा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टींत मिरची आणि बटाटा असतोच की.

खरं सांगायचं तर त्या मठाची खरी गोष्ट बिअरपेक्षा मोठी आहे आणि ती मला कुठे ठळक लिहिलेली दिसली नाही. इथे जॉन क्लिन नावाचा साधू राहत होता. तो लॅटिनमध्ये बखर लिहीत असे. १३४८ मध्ये प्लेग किलकेनीला पोचला. क्लिननं माणसं कशी मरतायत ते लिहिलं, आणि लिहिता लिहिता त्याला कळलं की आपणही वाचणार नाही. म्हणून त्यानं बखरीच्या शेवटी कोरं चर्मपत्र जोडून ठेवलं, पुढे कोणी माणूस उरलाच तर त्यानं हे काम चालू ठेवावं म्हणून. १३४९ मध्ये नोंदी थांबतात. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात एवढंच आहे, की इथे लेखक मरण पावलेला दिसतो. मी त्या छप्पर नसलेल्या भिंतींजवळ बराच वेळ होते. मामेभाऊ फोनवर ऑफिसचं काहीतरी निस्तरत होता, ते बरंच झालं.

आता जॉन स्मिथविक. हा कॅथलिक. त्या काळच्या कायद्यांनी कॅथलिकांना जमीन विकत घ्यायला बंदी होती, भाडेपट्टाही फार लांब मुदतीचा मिळत नसे. म्हणून त्यानं रिचर्ड कोल नावाच्या भागीदारासोबत ऑर्मंडच्या ड्यूककडून घेतलेल्या जमिनीवर बस्तान बसवलं, आणि १७१० हे ब्रुअरीचं साल ठरलं. गिनेसच्या आधी ४९ वर्षं. पुढे एडमंड स्मिथविकनं ती जागा मालकीची केली ती १८२७ मध्ये. म्हणजे ११७ वर्षं हे घराणं दुसऱ्याच्या जमिनीवर धंदा करत होतं! हा एडमंड किलकेनीचा महापौर झाला, कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या डॅनियल ओकॉनलचा स्नेही होता. साधूंच्या दंतकथेपेक्षा मला हा भाग जास्त भावला. पाट्यांवर तो आहे, पण जरा आत.

त्यानंतरचा काळ सोपा नव्हता. १८३८ मध्ये कॉर्कच्या फादर मॅथ्यू यांनी संपूर्ण दारूबंदीची शपथ देण्याची मोहीम सुरू केली आणि लाखो लोकांनी शपथ घेतली. पाठोपाठ १८४५ पासून बटाट्याचा दुष्काळ. आयर्लंड म्हणजे पब एवढंच ठाऊक असणाऱ्यांना सांगायला हवं, की दारू न पिणाऱ्यांची परंपराही तिथे तितकीच घट्ट आहे. 'पायोनियर' म्हणवणारे लोक कोटाला छोटी पिन लावतात, ती पिन दिसली की यजमान आग्रह करत नाही. गुड फ्रायडेला देशभरचे पब बंद ठेवण्याचा कायदा तर २०१८ पर्यंत होता. बडोदेकराला अगदीच परकं वाटू नये असं हे.

घराण्यानं ब्रुअरी १९६५ मध्ये गिनेसला विकली. पुढे गिनेसच डियाजिओ या मोठ्या कंपनीचा भाग झाली. डब्लिनमध्ये सगळं एकत्र करायचं ठरलं आणि २०१३ च्या अखेरीला किलकेनीतली ब्रुअरी बंद झाली. ३०३ वर्षं. तोवर ती देशातली चालू असलेली सर्वांत जुनी ब्रुअरी होती. शेवटच्या काळात तिथे स्मिथविकसोबत परवान्यावर अमेरिकन बडवायझरही तयार होत असे, हे कळल्यावर माझं हळवेपण थोडं कमी झालं. पण थोडंच. नदीकाठच्या बाकावर एक आजोबा भेटले. त्यांनी बिअरच्या चवीबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाले, सकाळी गावात माल्टचा वास यायचा, तो थांबला; थांबला हे पहिले काही दिवस कळलंच नाही, मग एकदम कळलं. तेव्हा मला ह्यूस्टनचा वास आठवला. काम हललं तसा वासही गाडीत बसून डब्लिनला गेला होता.

नावाची कथा मात्र मजेची आहे. लिहितात 'स्मिथविक्स', पण तसं म्हटलंत की तुम्ही बाहेरचे. म्हणायचं 'स्मिडिक्स', 'व' गिळायचा, 'थ' मऊ करायचा. १९८० च्या दशकात ही बिअर युरोपात जोरदार पाठवायचं ठरलं तेव्हा जर्मन आणि फ्रेंच गिऱ्हाइकांना हे नाव उच्चारता येईना. तोडगा काय, तर निर्यातीच्या बाटलीवर गावाचंच नाव लावलं : किलकेनी. पुढे त्या नावानं नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांची, वर साईसारखा फेस येणारी वेगळी बिअर रूढ झाली. आता परदेशातले लोक किलकेनी मागतात, किलकेनीतले लोक स्मिडिक्स मागतात. ज्यांच्या 'क्षीरसागर' किंवा 'टिळक' आडनावाची बँकेपासून रेशनकार्डापर्यंत वाट लागलेली आहे, त्यांनी यावर हसावं की नाही हे त्यांचं त्यांनी बघावं.

ब्रुअरीची जमीन पालिकेनं घेतली. त्या भागाला आता अ‍ॅबी क्वार्टर म्हणतात. ब्रुअरीच्या मुख्य इमारतीत ऑफिसं आली, नदीकाठानं पायवाट झाली. मेफेअर नावाच्या एका जुन्या नृत्यगृहाची इमारत पुढे ब्रुअरीकडे होती, तिचं ग्रंथालय झालं. ग्रंथालय म्हटलं की सयाजीरावांच्या गावच्या माणसाचे कान टवकारतातच. आणि अ‍ॅबी? टाक्या, नळ्या हटल्यामुळे कित्येक वर्षांनी तिच्याभोवती मोकळी हवा आली. ब्रुअरी जाण्यानं गावाचं नुकसान झालं हे खरं. जुना मठ मोकळा झाला हेही खरं. दोन्हींची बेरीज-वजाबाकी मला जमली नाही.

संध्याकाळी पूल ओलांडून जॉन स्ट्रीटवर गेलो. किलकेनीत सुलिव्हान नावाची दुसरी जुनी ब्रुअरी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती स्मिथविकांनी विकत घेऊन बंद केली. २०१६ मध्ये या दोन्ही घराण्यांतल्या वंशजांनी मिळून सुलिव्हान हे नाव पुन्हा उभं केलं आणि 'मॉल्टिंग्ज' नावाची तांबडी एल आणली. अर्धा पाइंट मी घेतला. पहिल्यांदाच मला त्या चिमूटभर भाजलेल्या जवाचा अर्थ जिभेवर कळला : गोडी पुरती पसरायच्या आत कोणीतरी तिला हळूच आवरतं. दुपारी चाखलेल्या स्मिडिक्सपेक्षा ही मला सरस वाटली. मामेभावाला फरक कळला नाही. त्यानं त्या रात्री नळाचं पाणी आणि चिप्सवरच भागवलं, गाडी न चालवताही.

पण अमेरिकेतल्या नावाचं कोडं किलकेनीत सुटणारं नव्हतं. त्यासाठी पुढच्या शनिवारी दुसऱ्या रेल्वेमार्गानं एनिसकॉर्थीला गेलो. हे वेक्सफर्ड परगण्यातलं स्लेनी नदीकाठचं गाव. डब्लिनहून दोन तासांहून थोडं अधिक. ब्रेच्या पुढे रूळ अगदी समुद्राच्या कडेनं जातात, तेवढ्यासाठी डावीकडची खिडकी धरावी. नदीपलीकडे व्हिनेगर हिल ही टेकडी. २१ जून १७९८ रोजी आयरिश बंडखोरांचा इथे ब्रिटिश तोफांपुढे पाडाव झाला.

या गावात १८६४ पासून लेट घराण्याची ब्रुअरी होती. त्यांची रूबी एल, म्हणजे माणिक एल, त्या भागात नावाजलेली. ब्रुअरी १९५६ मध्ये बंद पडली. त्या दशकाची आयर्लंडमधली अवस्था आज पटणार नाही अशी आहे : काम नाही, आणि दहा वर्षांत सुमारे ४ लाख माणसं देश सोडून गेली, तीही तीस लाखांच्या आत-बाहेर लोकसंख्येतून. एनिसकॉर्थीचेच कादंबरीकार कोल्म टोबीन यांच्या 'ब्रुकलिन' या कादंबरीतली मुलगी याच गावातून याच काळात बोटीनं अमेरिकेला जाते. त्यावरचा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

ब्रुअरी गेली, पण नाव उरलं होतं. जॉर्ज किलियन लेट यांनी १९७० च्या दशकात पेलफोर्थ या फ्रेंच कंपनीला आपलं नाव आणि एलचा वारसा वापरण्याचा परवाना दिला. मग १९८१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या कूर्स कंपनीनं 'जॉर्ज किलियन्स आयरिश रेड' बाजारात आणली. तीच ती. 'आयरिश रेड' ही जोडी अमेरिकेत घरोघरी पोचली ती या बाटलीवरून. कूर्सचा सगळा कारखाना लागरचा, त्यामुळे ही आयरिश रेडही लागरच झाली. पण ज्यांचे पणजोबा कधीतरी बोटीत चढले होते अशा लाखो लोकांना आपल्या गावाकडचं म्हणून हातात धरायला काहीतरी मिळालं. मग घरी बिअर करणारे हौशी आले, स्पर्धा आल्या, परीक्षकांना प्रकार ठरवून हवे होते. रंग किती, कडूपणा किती, याचे आकडे लिहिले गेले. तो तक्ता उलट प्रवास करत आयर्लंडला आला आणि १९९६ नंतर उभ्या राहिलेल्या तिथल्या छोट्या ब्रुअऱ्या, कार्लोची ओहाराज किंवा डब्लिनची पोर्टरहाउस, आपल्या एलवर आनंदानं 'रेड' लिहू लागल्या. आता स्मिथविकच्या बाटलीवरही 'रेड एल' असतं.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. गेलेल्यांनी दूरवरून एखाद्या गोष्टीला नाव द्यावं आणि राहिलेल्यांनी ते उचलावं, हे होतं. लागरला एल म्हणून खपवण्याचा भाग मात्र मला खटकतो. आठवण जुळवून घेतली तरी चालेल, आंबवण्याची रीत बदलून वर नाव तेच ठेवू नये.

एनिसकॉर्थीत ब्रुअरीच्या खुणा शोधत आम्ही मिल पार्कच्या रस्त्यानं फिरलो. पाहण्यासारखं फार काही हाती लागलं नाही. पाऊस आला म्हणून नदीजवळच्या एका पबात शिरलो. मी बारवाल्याला विचारलं, लेटांची किंवा किलियनची काही मिळेल का. त्यानं मान हलवली. ती अमेरिकेत मिळते म्हणाला, त्याच्या बोस्टनच्या आतेभावाकडे त्यानं प्यायली होती. मग म्हणाला, "तांबडीच हवी असेल तर स्मिडिक्स आहे," आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पेला नळाखाली तिरका धरला.